विहिरीत पेट्रोल उतरलंय: माती आणि भूजल साफ करायची कोणती पद्धत निवडावी?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या वस्तीचा आहे, पण ही वेळ कुणावरही येऊ शकते म्हणून सविस्तर मांडतो.

आमचं तालुक्याचं गाव, पठारावरचं. वस्तीच्या वरच्या अंगाला एक जुना पेट्रोलपंप आहे. दिवाळीनंतर आमच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, पुढे पाण्यावर तवंग दिसला. शेजारच्या दोन बोअरनाही तोच वास. तक्रारी केल्या, पंपाची जमिनीखालची एक टाकी गळत असल्याचं निघालं आणि ती रिकामी करून बंद केली. सध्या टँकरचं पाणी चालू आहे.

आता साफसफाई कशी करायची यावर गावात दोन तट पडलेत. तीन प्रस्ताव आलेत. एक म्हणतो, टाकीभोवतीची सगळी माती खणून न्यायची. दुसरा म्हणतो, विहिरीतून पाणी उपसत राहायचं, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून ओढ्याला सोडायचं. तिसरा जिवाणूंची पावडर विहिरीत टाकून तीन महिन्यांत पाणी पिण्याजोगं करून देतो म्हणतो, तेही लेखी हमी देऊन. प्रत्येकाने किंमत ठळक लिहिली आहे, बाकी मजकूर मोघम. ग्रामसभेत निर्णय घ्यायचाय. यांची तुलना कशावर करायची?

कातळवाट

आधी एक तातडीची गोष्ट. त्या विहिरीवरची मोटर चालू करू नका, कुणाला आत उतरू देऊ नका, काठावर विडीकाडी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत साचून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते. शिवाय उतरणारा माणूस गुदमरतो. ग्रामसभेच्या आधी तिथे फलक आणि कुंपण हवं.

आता तुमचा प्रश्न. दख्खनच्या कातळातल्या भूजलावर माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो. तिन्ही प्रस्ताववाल्यांना एकच विचारा: पेट्रोल आत्ता जमिनीत कुठे आहे ते नकाशावर दाखवा. ज्याच्याकडे हे उत्तर नाही त्याची पद्धत चांगली की वाईट हे ठरवताच येणार नाही.

सांडलेलं पेट्रोल जमिनीत चार रूपांत राहतं. काही मातीला आणि मुरमाला चिकटून, काही मातीतल्या पोकळ्यांत वाफ होऊन, काही पाण्यावर तरंगत आणि काही पाण्यात विरघळून. प्रत्येक पद्धत यातलं एखाददुसरं रूपच काढते. खणणारा चिकटलेलं काढेल, विरघळलेल्याला हातही लागणार नाही. उपसणारा विरघळलेलं काढेल, पण वरचं चिकटलेलं पुन्हा पाण्यात उतरत राहील.

दुसरं म्हणजे आपली जमीन. या विषयावरच्या पुस्तकांतल्या बहुतेक पद्धती वाळूच्या जमिनीवर बेतलेल्या आहेत. वाळूत इंधन कसं पसरेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. आपल्याकडे वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (बारीक छिद्रांचा खडक), खाली काळा पाषाण आणि लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे लाल गेरूचा पट्टा. पाणी फिरतं ते मुरमातून आणि पाषाणाच्या चिरांतून. पंपाजवळची बोअर स्वच्छ आणि लांबची विहीर नासलेली, असं इथे होऊ शकतं. आणि एक गोष्ट नक्की तपासा: आसपासच्या कोणकोणत्या विहिरींना आडवे बोअर (विहिरीच्या आतून बाजूच्या खडकात पाण्यासाठी मारलेली छिद्रं) मारलेत, कुठल्या दिशेला, किती लांब? पंपाकडच्या अंगाला मारलेला आडवा बोअर म्हणजे पेट्रोलला थेट विहिरीत आणणारा पाट. हे कुठल्याही सरकारी नोंदीत मिळत नाही. ज्यांनी मारले त्यांनाच विचारावं लागतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पठारावर पावसाळ्याअखेर आणि मे महिन्यात पाण्याच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक असतो. पेट्रोलची घनता ०.७४ च्या आसपास, पाण्याहून कमी, म्हणून ते तरंगत पातळीबरोबर वरखाली होतं आणि वाटेतल्या मुरमाला माखत जातं. पाऊस झाला, पातळी चढली की हे माखलेलं पेट्रोल पाण्याखाली अडकतं आणि तवंग नाहीसा होतो. लोक म्हणतात, झालं साफ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पातळी उतरली की तवंग परत हजर. तीन महिन्यांची हमी देणारा जुलैत काम सुरू करून ऑक्टोबरात पैसे घेऊन जाईल आणि कागदावर त्याचं काम यशस्वी दिसेल. पाण्याचं एक पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय कुठलाही निकाल मान्य करू नका.

रसायनी

कातळवाट काकांशी सहमत. प्रश्न किती मोठा आहे हे ग्रामसभेला कळावं म्हणून थोडं गणित देते.

आपल्या बीएस-६ (भारत स्टेज-६ मानकाच्या) पेट्रोलमध्ये बेंझिनची कमाल मर्यादा आकारमानाने १ टक्का आहे. बेंझिनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, अमेरिकेची त्याच्या निम्मी. आता एक लिटर पेट्रोल घ्या. त्यात जास्तीत जास्त १० मिली बेंझिन, म्हणजे सुमारे ८.८ ग्रॅम. हे सगळं पाण्यात उतरलं तर जवळपास पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेच्या काठावर येतं. एका लिटरमुळे.

म्हणून प्रस्तावात ‘तवंग निघून जाईल’ किंवा ‘वास जाईल’ असं लिहिलं असेल तर ते उद्दिष्ट म्हणून स्वीकारू नका. बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन या चौघांचे आकडे, कुठल्या विहिरीत आणि कुठल्या महिन्यात मोजणार, हे लेखी हवं.

गव्हाणी

एक शंका. जिवाणूंना इतकं झटकून का टाकताय? तेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण आहे, तेलक्षेत्रांतला तेलकट गाळ त्याने साफ केलाय, हे मी वाचलंय. आणि तेल खाणाऱ्या जिवाणूचं पेटंट आपल्याच आनंद मोहन चक्रवर्तींचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८० साली जिंकलेलं. खणणं आणि उपसणं याच्या मानाने हे स्वस्त आहे, गावाला परवडणारं आहे.

रेवाकाठ

गव्हाणी, शंका रास्त आहे. मी अमेरिकेत याच क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

ऑइलझॅपर खरं आहे आणि त्याचं काम चांगलं झालेलं आहे. पण ते झालं कुठे? जमिनीवर पसरलेल्या गाळावर, जिथे माती नांगरता येते, पाणी मारता येतं, खत घालता येतं. चक्रवर्तींचा खटला पेटंटच्या इतिहासात मोठा आहे, मात्र तो जिवाणू प्रत्यक्ष गळतीवर मोठ्या प्रमाणावर वापरला गेला नाही.

खोलातल्या पेट्रोलची अडचण वेगळी आहे. ते खाणारे जिवाणू जवळजवळ प्रत्येक जमिनीत आधीपासून असतात. इंधन मिळालं की ते आपोआप वाढतात. त्यांना कमी पडतो प्राणवायू. एक मिलिग्रॅम बेंझिन पूर्ण पचवायला साधारण तीन मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्या हवामानात एक लिटर पाण्यात विरघळून मावतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. म्हणजे हवेशी संपर्क तुटलेलं पाणी लिटरमागे तीन मिलिग्रॅमही पेट्रोल पचवू शकत नाही. पेट्रोलला चिकटून असलेल्या पाण्यात एकट्या बेंझिनचंच प्रमाण लिटरला पंधरा-वीस मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. तुमच्या विहिरीत कितीही पावडर ओता, नव्या जिवाणूंचीही तीच उपासमार होणार. पुन्हा, पेट्रोल आहे मुरमात आणि चिरांत. विहिरीत टाकलेली पावडर तिथवर पोचणार कशी?

उलट एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. म्हणून पाण्याच्या वरच्या कोरड्या थरातून संथपणे हवा फिरवली की तिथले जिवाणू झपाट्याने कामाला लागतात. याला बायोव्हेंटिंग म्हणतात. युटातल्या हिल हवाई तळावर विमानाचं इंधन सांडलं होतं. तिथे जमिनीतली वाफ पंपाने ओढून काढताना लक्षात आलं की इंधनाचा बराच भाग जिवाणूच संपवतायत. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाने शंभराहून जास्त ठिकाणी ही पद्धत तपासली. डिझेलसाठी ती विशेष चांगली, कारण डिझेलची वाफ सहज होत नाही. पेट्रोल असेल तर आधी जोरात ओढून वाफच बाहेर काढणं जास्त जलद होतं.

उपसून गाळण्याबद्दल. अमेरिकेने यावर अफाट पैसा घातला. १९९४ साली तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अशा ७७ जागांचा आढावा घेतला, त्यांतल्या ६९ ठिकाणी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलंच नव्हतं. सुरुवातीला आकडे झरझर उतरतात, मग वर्षानुवर्षं एका पातळीवर अडून बसतात आणि पंप थांबवला की परत चढतात. चिरांच्या खडकात तर हे आणखी वाईट, कारण खडकाच्या बारीक छिद्रांत शिरलेलं इंधन अगदी सावकाश बाहेर येतं. तरीही ही पद्धत मी बाद करणार नाही. दूषित पाणी पुढच्या विहिरींकडे सरकू नये म्हणून अडवून धरायला तिच्यासारखं दुसरं साधन कमीच आहे. फक्त ‘साफ करण्यासाठी’ म्हणून विकली जात असेल तर सावध राहा.

कातळवाट

रेवाताईंनी हवेचा मुद्दा काढला म्हणून एक इशारा. पाण्याखाली दाबाने हवा सोडायची एक पद्धत आहे, एअर स्पार्जिंग. वाळूत ती उत्तम चालते. आपल्या पाषाणात मी तिला ठाम नाही म्हणेन. हवा सापडेल त्या चिरेने जाईल आणि पेट्रोलची वाफ कुणाच्या तळघरात किंवा शेजारच्या विहिरीत नेऊन सोडेल. पाण्यावर तरंगता थर असताना तर अजिबात नको.

जमिनीत रसायनं ओतून पेट्रोल नष्ट करायचा प्रस्तावही पुढे येईलच. परमँगनेट बेंझिनला जवळपास काहीच करत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह वापरणारी पद्धत बेंझिन मारते, पण तिच्यातून भरपूर उष्णता आणि वायू निघतात. खाली पेट्रोलची वाफ कोंडलेली असताना वस्तीच्या मध्यभागी हा धोका कशाला घ्यायचा?

मधला_मार्ग

वाचतोय. उत्तम चर्चा. रेवाताई, तिकडे काही जागा तशाच सोडून नुसतं मोजत बसतात म्हणे. निसर्गाने साफ होऊ द्यायचं. हे खरं आहे का?

रेवाकाठ

खरं आहे, अटींवर. मिनेसोटात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ ला पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंचसं काढलं, तरी अंदाजे ४ लाख लिटर जमिनीत राहिलं. १९८३ पासून अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं ती जागा अभ्यासतंय. तिथे दिसलं की प्राणवायू संपल्यावरही दुसरे जिवाणू मातीतल्या लोहाच्या मदतीने किंवा मिथेन तयार करत इंधन पचवत राहतात आणि विरघळलेल्या भागाचं पसरणं त्यामुळे खूप मंदावतं. आणि हेही दिसलं की इतक्या दशकांनंतर तेल अजून तिथेच आहे.

१९९५ साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांच्या जागा तपासल्या. पाण्यातल्या बेंझिनचा पसारा बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आसपास थांबलेला आढळला. तेव्हापासून ‘नुसतं मोजा’ला जोर आला. पण पुढच्याच वर्षी सांता मोनिका शहराला विहिरी बंद कराव्या लागल्या, निम्म्याच्या आसपास पाणीपुरवठा गेला. कारण एमटीबीई, पेट्रोलमध्ये मिसळलेलं एक द्रव्य. ते जिवाणूंना सहज पचत नाही, पाण्याच्या वेगाने पुढे जातं आणि कोळशालाही नीट चिकटत नाही. एका द्रव्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला लागू होत नाही.

भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल जिवाणूंना फार आवडतं. ते आधी इथेनॉल खातात, असलेला प्राणवायू त्यातच संपतो आणि बेंझिन न पचता पुढे सरकतं. म्हणून ते अडीचशे फूट इथे गृहीत धरू नका. चिरांच्या खडकात तर मुळीच नाही.

गव्हाणी

मग स्पष्टच बोलतो. आपल्याकडे ‘निसर्गाने साफ होऊ द्या’ याचा अर्थ होईल, पंपवाल्याला मोकळं सोडा आणि गावाने वर्षानुवर्षं टँकर बघत बसावं. मोजणार कोण? दोन वर्षांनी साहेब बदलले की फाइलच सापडत नाही. हा मार्ग कागदावर कितीही शास्त्रीय असो, मला नको.

रेवाकाठ

तुमची भीती खरी आहे आणि मी ती खोडून काढणार नाही. मूळ साठा काढलेला नसताना, लोक तेच पाणी पीत असताना, निसर्गावर सोडणं मलाही मान्य नाही. साठा काढून झाल्यावर उरलेल्या थोड्या अंशासाठी ते चालतं. तेही किमान काही निरीक्षण बोअर, ठरलेलं वेळापत्रक आणि ‘इतक्या महिन्यांत आकडा उतरला नाही तर अमुक पद्धत सुरू करू’ अशी लेखी अट असेल तरच. खर्च प्रदूषकाकडून आधीच बाजूला काढून घ्यावा.

न्यायनिवाडा

खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ हे तत्त्व कलम २० मध्ये आहे. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठीचा अर्ज कलम १५ खाली, मुदत पाच वर्षं. कलम १४ खालच्या वादाला मात्र सहाच महिने आहेत, त्यामुळे तारखा जपा. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही काढलेत, तुमच्या वकिलाला ते बघायला सांगा.

टाकी उकरून काढताना पंचनामा, फोटो आणि मातीचे नमुने गावाच्या उपस्थितीत झाले पाहिजेत. खड्डा एकदा बुजवला की पुरावा गेला. आणि प्रस्ताव कुणीही देवो, पैसे पंपवाल्याकडून घेणाऱ्या सल्लागाराचाच अहवाल एकमेव पुरावा होऊ देऊ नका.

पाणवठा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जुन्या बोअरवाल्याला गाठलं. आमच्या विहिरीला दोन आडवे बोअर आहेत, त्यातला एक पंपाच्याच दिशेला. टाकी पेट्रोलची होती, डिझेलची दुसरी टाकी ठीक निघाली. मुरूम साधारण तीस फुटांपर्यंत, खाली पाषाण. सध्या पाणी मुरमाच्या वरच्या भागात आहे, मेमध्ये पार पाषाणापर्यंत उतरतं.

काका, तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?

कातळवाट

आडव्या बोअरची माहिती काढलीत हे फार चांगलं झालं. जागा न पाहता सांगतोय हे लक्षात घेऊन वाचा.

टाकीच्या खड्ड्यातली भरावाची वाळू आणि तिच्याभोवतीचा भिजलेला मुरूम आधी काढायचा. टाकीभोवती वाळू भरलेली असते आणि गळतीचा मोठा हिस्सा तिथेच साचतो. तेवढ्यापुरता खणण्याचा प्रस्ताव योग्य आहे, सगळं आवार पाषाणापर्यंत खरवडण्याचा नाही. निघालेली माती कुणाच्या बांधावर किंवा खाणीत जाता कामा नये. ती तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात तरी जावी, नाहीतर जागेवरच खाली जाड प्लास्टिक अंथरून, नळ्यांनी हवा खेळवून, खत देऊन तिचा ढीग जिरवावा. जिवाणूंचा खरा उपयोग या ढिगात आहे, गव्हाणींचा मुद्दा इथे बरोबर लागू पडतो.

त्याच वेळी पंपाकडचा आडवा बोअर बंद करायचा किंवा त्याच्या तोंडाशीच पेट्रोल गोळा करायचं. विहिरीतला तरंगता थर हवेच्या दाबावर चालणाऱ्या, ठिणगी न पाडणाऱ्या पंपाने काढायचा. विहिरीत दिसणारी थराची जाडी म्हणजे जमिनीतली जाडी नव्हे, विहिरीत ती फुगून दिसते. त्यावरून ‘इतके हजार लिटर आहे’ असा हिशेब कुणी मांडला तर मानू नका. रोज किती पेट्रोल विहिरीत परत भरतं, हे मोजायला सांगा. भरणं जवळपास थांबलं की या कामाला अर्थ उरत नाही.

मग मुख्य काम: मुरमात नळ्या टाकून वाफ ओढणं. आणि ते फेब्रुवारी ते मे या काळात पूर्ण ताकदीने. पातळी उतरलेली असते, माखलेला मुरूम उघडा पडतो, हवा थेट त्यातून जाते. पावसाळ्यात तोच थर पाण्याखाली असताना यंत्र चालवून विजेचं बिल वाढेल, पेट्रोल येणार नाही. कंत्राटात महिन्यांप्रमाणे सारखे हप्ते असतील तर बदलून घ्या. काढलेल्या पेट्रोलच्या वजनावर पैसे ठेवा. बाहेर येणारी वाफ तशीच गावावर सोडायची नाही, कोळशातून गाळून किंवा जाळूनच सोडायची.

उपसा-गाळणीचा प्रस्ताव छोटा करून ठेवा, उताराकडच्या विहिरी वाचवण्यापुरता. कोळशाच्या दोन टाक्या एकामागे एक हव्यात, म्हणजे पहिली भरली तरी दुसरी अडवेल. नमुना दोघींच्या मध्ये घ्यायचा. ओढ्याला सोडण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागेल.

पावडरवाल्याला नमस्कार सांगा.

पाणवठा (धागाकर्ता)

हे सगळं छापून ग्रामसभेत वाटतो. शेवटचा प्रश्न. उताराच्या बाजूला खालच्या आळीत एक विहीर आहे, तिला अजून वास नाही, तवंग नाही. लोक तिचंच पाणी पितायत. चालू ठेवायचं का?

रसायनी

तपासणी होईपर्यंत पिणं आणि स्वयंपाक आजपासून बंद करा. पाण्यातल्या निव्वळ बेंझिनचा वास माणसाला साधारण लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास कळतो आणि मर्यादा आहे ०.०१. मधल्या हजारपट अंतरात नाक काहीच सांगत नाही.

नमुना पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत नेऊ नका, वाटेतच बेंझिन उडून जाईल आणि अहवाल ‘स्वच्छ’ येईल. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून ४० मिलीच्या काचेच्या कुप्या मागवा, त्यात आम्ल आधीच घातलेलं असतं. काठोकाठ भरायच्या, उलटी करून बघायची, आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची. बर्फात ठेवून पाठवायच्या. बेंझिन गटासोबत एमटीबीई आणि इथेनॉलही मागा, कारण पुढे धावणारं एमटीबीई बेंझिनच्या आधी पोचू शकतं. सोबत एक कुपी प्रवासाची कोरी म्हणून ठेवा, शुद्ध पाण्याने भरलेली, न उघडता परत पाठवायची. तिच्यात काही सापडलं तर नमुना वाटेत खराब झाला असं समजायचं. आत्ता एकदा, मार्चमध्ये एकदा, मेमध्ये एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच.